मातीतला माणूस कोणता? : मोचे मुखघटांच्या निमित्ताने

दक्षिण अमेरिकेच्या प्राचीन कलेविषयी लिहिणारे बहुतेक समीक्षक एका ठिकाणी आले की एकदम भाविक होतात. ते ठिकाण म्हणजे पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांनी घडविलेली, माणसाच्या डोक्याच्या आकाराची मातीची भांडी. या भांड्यांपुढे उभे राहिले की 'वास्तववाद', 'मानवी प्रतिष्ठा', 'व्यक्तीचा साक्षात्कार' असे शब्द आपोआप लेखणीतून उतरू लागतात. ग्रीक आणि रोमन शिल्पांशी तुलना होते, आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या अँडीजमध्ये 'माणूस' सापडल्याचा आनंद व्यक्त केला जातो. ही स्तुती खोटी नाही. पण ती अर्धी आहे, आणि जी अर्धी बाजू वगळली जाते तीच आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. या नियतकालिकाच्या वाचकांनी 'माणूस' हा शब्द साहित्यविचाराच्या मध्यभागी आणून ठेवला. तेव्हा कोणी कोठेही 'येथे माणूस सापडला' असे म्हटले की तो कोणता माणूस, हे विचारणे आपले कामच ठरते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोचे संस्कृती पेरूच्या उत्तर किनारपट्टीवर साधारणपणे इ. स. १०० ते ८०० या काळात नांदली. अँडीज पर्वतातून उतरून प्रशांत महासागराला मिळणाऱ्या लहान लहान नद्या, त्यांच्या खोऱ्यांत कालव्यांच्या पाण्यावर पिकविलेली शेती आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये पसरलेले ओसाड वाळवंट, असा तो प्रदेश. या लोकांना लिपी नव्हती. कुंभाराचे चाकही नव्हते. तरीही त्यांच्या जगाची जेवढी माहिती त्यांनी मातीत ठेवली, तेवढी लिपी असलेल्या कित्येक समाजांनीही ठेवलेली नाही. मका, मासे, समुद्रसिंह, घुबडे, देव, सांगाडे, युद्ध, संभोग, बाळंतपण हे सगळे त्यांच्या भांड्यांवर रंगविलेले किंवा भांड्यांच्या रूपाने घडविलेले आहे. यातील एका प्रकारात संपूर्ण भांडे म्हणजेच एक मानवी डोके असते. वर रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी आणि नळीच्या माथ्यावर तोटी. या प्रकाराला आपण मुखघट म्हणू.

मुखघट घडविण्याची रीत आता चांगली माहीत झाली आहे. आधी मातीत मूळ चेहरा घडवायचा. त्यावर माती थापून दोन भागांचा साचा काढायचा आणि तो भाजून पक्का करायचा. मग साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत ओली माती दाबून बसवायची, अर्धे जोडायचे, सांधा पुसून टाकायचा, नळी आणि तोटी लावायची. पांढरट आणि तांबड्या मातीचे पातळ लेप देऊन शिरोभूषणावरची नक्षी आणि चेहऱ्यावरचे रंगाचे पट्टे काढायचे, घोटायचे, भाजायचे. एका साच्यातून अनेक चेहरे निघत, आणि रंग व दागिने बदलून त्यांना थोडे वेगवेगळे रूप देता येई. साच्याची ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे विवेचन तिच्यावर उभे आहे.

या मुखघटांचा सर्वांत कसून अभ्यास ख्रिस्तोफर डॉनन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने केला. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. जगभरच्या संग्रहांत विखुरलेल्या नऊशेहून अधिक मुखघटांची छायाचित्रे त्यांनी एकत्र केली, एकमेकांशेजारी ठेवली आणि चेहरे जुळवीत गेले. त्यातून जे बाहेर आले ते खरोखर थक्क करणारे आहे. एकच माणूस निरनिराळ्या भांड्यांवर निरनिराळ्या वयात दिसतो. वरच्या ओठावर व्रण असलेला एक माणूस तर चाळीसहून अधिक भांड्यांवर आहे. सुमारे दहा वर्षांच्या मुलापासून तिशी ओलांडलेल्या पुरुषापर्यंत त्याचे वय वाढत जाते आणि व्रण तसाच राहतो. डॉनन यांनी त्याला त्या व्रणावरूनच नाव दिले. एखाद्या समाजाने लिपीशिवाय एका माणसाचे अर्धे आयुष्य मातीत नोंदवून ठेवावे, ही गोष्ट असामान्य आहे, आणि ती शोधून काढणाऱ्या अभ्यासकाच्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे.

परंतु दाद देऊन झाल्यावर प्रश्न उरतोच. या नऊशेंमध्ये कोण आहेत? डॉनन यांच्याच सामग्रीवरून उत्तर मिळते. जवळजवळ सगळे प्रौढ पुरुष आहेत. थोडे मुलगे आहेत. त्यांच्या डोक्यावर किमती शिरोभूषणे आहेत, कानांत मोठी कर्णभूषणे आहेत, चेहऱ्यावर दर्जाच्या खुणा रंगविलेल्या आहेत. स्त्रीचा चेहरा या पंगतीत नाही. मोचे कुंभकलेत स्त्रिया नाहीत असे मुळीच नव्हे. ब्रिटिश म्युझियममधील एका भांड्याच्या काठावर मागावर बसून विणणाऱ्या स्त्रियांची ओळच रंगविलेली आहे. बाळंत होणारी स्त्री आहे, तिला मागून धरणारी सुईण आहे, मूल घेतलेली आई आहे. स्त्री काम करताना दिसते, वेणा देताना दिसते, पण ती अमुक एक स्त्री म्हणून ओळखू येत नाही. आणि हे स्त्रीला समाजात सत्ता नव्हती म्हणून झाले, असे सरळ उत्तरही देता येत नाही. २००५ साली रेगुलो फ्रांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चिकामा खोऱ्यातील वाका काओ या देवळाच्या वास्तूत एका तरुण स्त्रीचे दफन सापडले. अंगावर गोंदण, बरोबर सोन्याची आभूषणे, आणि लढाईचे सोटे. 'काओची सेन्योरा' म्हणून ती आज ओळखली जाते. एवढी सत्ता असलेल्या स्त्रिया या किनाऱ्यावर होत्या, तरी मुखघट घडविला गेला तो पुरुषाचा. म्हणजे चेहरा मातीत उतरण्यासाठी केवळ सत्ता पुरेशी नव्हती. ती विशिष्ट पुरुषांच्या विशिष्ट मंडळातील सत्ता असावी लागे.

आता दुसरीकडे वळू. मोचे भांड्यांत सामान्य माणसे भरपूर आहेत. कपाळावर पट्टी अडकवून पाठीवर ओझे वाहणारा माणूस आहे. मिटल्या डोळ्यांचा आंधळा आहे. पाऊल तुटलेला, लाकडी खोबणीत पाय बसविणारा माणूस आहे. रोगाने नाक आणि ओठ झडलेले चेहरे आहेत. ही निव्वळ कल्पना नव्हे. पाऊल तोडल्यानंतर जखम भरून आलेले मोचे लोकांचे सांगाडे उत्खननांत मिळाले आहेत. नाक-ओठ झडणाऱ्या, वाळूमाशीपासून होणाऱ्या रोगाला अँडीजमध्ये 'उता' असे नाव आहे आणि तो तेथे आजही होतो. या भांड्यांकडे बोट दाखवून काही समीक्षक म्हणतात, पाहा, मोचे कलावंताची सहानुभूती किती व्यापक होती. त्याने राजाला आणि रोग्याला एकाच मातीत घडविले.

येथे सावध राहिले पाहिजे. माती एकच असली तरी दृष्टी एकच होती असे नाही. ओठावर व्रण असलेल्या त्या माणसाचा व्रण ही त्याची ओळख आहे. त्याच्यामुळे तो इतर सर्वांहून वेगळा होतो आणि दीड हजार वर्षांनंतरही आपण त्याला गर्दीत ओळखतो. उलट, आंधळ्याचे आंधळेपण, हमालाचे ओझे, रोग्याचे झडलेले नाक ही त्या त्या माणसाची ओळख नव्हे, ती त्याची जात आहे. येथे 'प्रकार' या अर्थाने मी हा शब्द वापरतो आहे, पण दुसरा अर्थ वाचकाच्या मनात आला तर मी तो अडवणार नाही. त्याच्याकडे पाहून आपण 'हा अमुक' असे म्हणत नाही, 'हा आंधळा' असे म्हणतो. एकाच्या अंगावरची खूण त्याला व्यक्ती करते आणि दुसऱ्याच्या अंगावरची खूण त्याला वर्ग करते. 'वास्तववाद' या एकाच शब्दाखाली या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून तो शब्द मला अपुरा वाटतो. तपशील खरा असणे आणि माणूस म्हणून मान्यता मिळणे यांत अंतर आहे. रोग्याचा प्रत्येक फोड हुबेहूब काढूनही त्याला माणूसपण नाकारता येते. शिवाय, स्तीव्ह बूर्जे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या झडलेल्या चेहऱ्यांचा संबंध मृतांच्या जगाशी आणि बळीच्या विधींशी जोडला आहे. ते मत मान्य केले तर सहानुभूतीचा दावा आणखीच ढिला पडतो.

आणि तिसरा प्रकार आहे तो बंदीवानाचा. नागवा, हात मागे बांधलेला, गळ्यात दोर असलेला माणूस मोचे कुंभाराने पुन्हा पुन्हा घडविला आहे. डॉनन यांच्या विवेचनातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे की दागदागिन्यांनी नटलेल्या मुखघटांवरचे काही चेहरे पुढे या दोर बांधलेल्या बंदीवानांत दिसतात. ज्याचे बालपण आणि तारुण्य मातीत नोंदविले गेले, त्याचा पाडावही तेवढ्याच काळजीने नोंदविला गेला. कर्णभूषणे काढून घेतली की कानाच्या पाळीला उरलेले मोठे भोक तेवढे दिसते.

हे चित्र प्रत्यक्षात कसे होते ते ट्रुहियो शहराजवळच्या वाका दे ला लूना, म्हणजे 'चंद्राच्या देवळा'त उघड झाले. १९९५ साली बूर्जे यांनी तेथील एका चौकात उत्खनन केले तेव्हा सत्तरहून अधिक पुरुषांचे अवशेष मिळाले. ते किशोरवयापासून तिशीपर्यंतचे, लढाईत झालेल्या जुन्या, बऱ्या झालेल्या जखमा अंगावर असलेले, आणि बळी दिलेले होते. त्यांच्याच बरोबर कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या, गळ्यात दोर असलेल्या नागव्या बंदीवानांच्या मूर्ती सापडल्या. त्याही फोडून टाकलेल्या. माणूस आणि त्याची मातीची प्रतिमा एकाच ठिकाणी, एकाच विधीत मोडली गेली होती. या पुराव्यानंतर मुखघटांना निव्वळ मानवतावादाचा जयघोष समजणे कठीण आहे. त्यांना मी सत्तेची नोंदवही म्हणेन. त्या नोंदवहीत वर चढलेला जसा लिहिला जातो, तसा खाली पाडलेलाही लिहिला जातो. जो कधी वर चढलाच नाही तो लिहिला जात नाही.

येथे साच्याकडे परत यावे लागते. एकाच साच्यातून एकाच माणसाचे अनेक मुखघट निघत आणि ते निरनिराळ्या ठिकाणी जात, शेवटी निरनिराळ्या लोकांच्या थडग्यांत पुरले जात. एक चेहरा अनेकांच्या घरात पोचविण्याची ही व्यवस्था होती. नाण्यावरच्या राजाच्या तोंडाने जे काम इतरत्र केले, ते काम येथे, नाणे नसलेल्या समाजात, पाणी किंवा मक्याची दारू धरू शकणाऱ्या भांड्याने केले असावे, असे मला वाटते. ज्याचा चेहरा आपल्या हातात येतो त्याच्याशी आपण बांधले जातो. व्यक्तिचित्र आणि साचा या आपण परस्परविरुद्ध समजत असलेल्या दोन गोष्टी येथे एकाच कामाला जुंपलेल्या आहेत.

मग हे सगळे ज्याने केले तो कुंभार कोठे आहे? चिकामा खोऱ्यातील सेरो मायाल येथे १९९० नंतरच्या उत्खननांत मोचे काळातील कुंभारकामाची मोठी कार्यशाळा उजेडात आली. साच्यांचे तुकडे, बिघडलेली भांडी, भट्टीची राख. येथे काम करणारे लोक सत्ताधाऱ्यांच्या आश्रयाखाली, त्यांच्या मागणीप्रमाणे माल काढीत असावेत, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. म्हणजे कलावंत आणि मजूर हा भेद येथे करता येत नाही. नऊशे चेहरे ज्यांनी जपले त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा 'हा घडविणारा' म्हणून आपल्यापर्यंत आलेला नाही.

श्रम करणाऱ्यांची खूण मोचे जगात एका ठिकाणी मात्र सापडते. वाका देल सोल, 'सूर्याचे देऊळ', ही कच्च्या विटांची प्रचंड वास्तू आहे. तिला दहा कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. या विटांवर बोटांनी किंवा काडीने केलेल्या शंभरहून अधिक प्रकारच्या खुणा आहेत. अभ्यासकांचा तर्क असा की निरनिराळ्या वस्त्यांतून विटा पाडायला आलेल्या लोकांच्या टोळ्यांच्या या खुणा असाव्यात. कोणत्या टोळीने किती विटा दिल्या याचा हिशेब राहावा म्हणून. सत्ताधाऱ्याची नोंद चेहऱ्याने होते आणि राबणाऱ्याची नोंद हिशेबाने. या दोन नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय मोचे कलेची समीक्षा पुरी होऊ शकत नाही.

मला हा प्रश्न एवढा जवळचा का वाटतो तेही सांगतो. मी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांचा फोटो आमच्याकडे नाही. तो हरवलेला नाही, तो कधी काढलाच गेला नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या वाड्याच्या भिंती लिंपल्या त्या वाड्याच्या सोप्यावर मात्र मालकांच्या तीन पिढ्या चौकटीत बसून खाली पाहत असत. आजोबांच्या नावापुढे मालकाच्या वहीत दिवसांच्या रेघा होत्या. तेव्हा ज्यांचे चेहरे उरले त्यांचे कौतुक वाचताना, ज्यांच्या रेघा उरल्या त्यांची आठवण होणे मला टाळता येत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच परिस्थिती असेल.

आता या भांड्यांचा दुसरा जन्म. आज जगभर प्रसिद्ध असलेला मोचे कुंभकलेचा सर्वांत मोठा संग्रह लीमा शहरातील लार्को संग्रहालयात आहे. तो राफाएल लार्को ओयले यांनी १९२६ साली चिकामा खोऱ्यातील चिक्लीन येथे स्थापन केला. चिक्लीन हा लार्को कुटुंबाचा उसाचा मळा होता. या माणसाचे अभ्यासक म्हणून श्रेय मोठे आहे. रिकिबी नळीच्या घडणीवरून त्यांनी १९४८ साली मोचे भांड्यांचे जे पाच टप्पे पाडले, ते पुढे दुरुस्त्या होऊनही आजपर्यंत वापरात आहेत. पण संग्रह उभा राहिला त्या खोऱ्यातील जमीनव्यवस्था विसरून चालणार नाही. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील ऊस आधी करारावर आणलेल्या चिनी मजुरांनी तोडला आणि नंतर 'एंगान्चे' पद्धतीने डोंगरातून उतरविलेल्या मजुरांनी. एंगान्चे म्हणजे आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून घेणे. 'उचल' म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९६९ च्या जमीनसुधारणेत हे मळे सरकारने ताब्यात घेऊन सहकारी संस्थांकडे दिले. तोपर्यंत जमीन ज्याची, तिच्या पोटातले पूर्वजही बव्हंशी त्याच्याच ओंजळीत पडत आले होते. १९२९ च्या कायद्याने पेरू सरकारने जमिनीखालच्या प्राचीन वस्तूंवर राष्ट्राची मालकी सांगितली, तरी थडगी फोडणे थांबले नाही. १९८७ साली सिपान येथे वॉल्टर आल्वा यांना मोचे सत्ताधाऱ्याचे अक्षत थडगे मिळाले, तेही लुटारूंनी शेजारचे थडगे फोडल्याची बातमी आल्यामुळे. थडगी फोडणारा खेड्यातला गरीब माणूस तुरुंगात जातो आणि भांडे परदेशी काचेच्या कपाटात जाते, हे नेहमीचेच.

याच काळात दुसरा एक माणूस या भांड्यांकडे पाहत होता. हुलिओ सी. तेयो यांचा जन्म १८८० साली वारोचिरी या डोंगराळ भागातल्या केचुआ बोलणाऱ्या कुटुंबात झाला. ते लीमात शिकले, वैद्यकीची पदवी घेतली, हार्वर्डला गेले आणि पेरूच्या पुरातत्त्वाचे जनक ठरले. त्यांचा वैद्यकीचा प्रबंधच पेरूमधील एका रोगाच्या प्राचीनत्वावर होता. अँडीजची संस्कृती बाहेरून आली, हे माक्स उले यांच्यासारख्या युरोपीय विद्वानांचे मत त्यांनी नाकारले आणि ती याच मातीत, याच लोकांनी उभी केली असे ठासून सांगितले. १९३८ साली लार्को यांच्या मोचेविषयक मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्याच साली तेयो यांनी लीमाच्या संग्रहालयांतील मोचे भांड्यांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. एक मळेवाल्याचा मुलगा, एक डोंगरातल्या शेतकऱ्याच्या वस्तीतून आलेला. दोघांच्याही कामावाचून हा अभ्यास उभा राहिला नसता. पण ज्यांचे पूर्वज कपाटात ठेवले होते त्यांच्यापैकी एकजण कपाटाबाहेर उभा राहून बोलू लागला, ही घटना ज्ञानाच्या इतिहासात साधी नव्हे. पाहणारा बदलला की पाहिलेले बदलते.

मग या भांड्यांचे सौंदर्य नाकारायचे काय? मुळीच नाही. सौंदर्य नाकारणे हा त्या अनामिक कुंभारावर दुसरा अन्याय होईल. मी एवढेच म्हणतो की ते सौंदर्य ज्याचे आहे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. मुखघटावरचा रुबाब सत्ताधाऱ्याचा असेल. पण मिटलेल्या ओठांच्या कडेला पडलेली बारीक घडी ज्या अंगठ्याने दाबली तो अंगठा मजुराचा होता. ओझेवाल्याच्या भांड्यात चेहरा ठोकळ राहिला, तरी कपाळपट्टीच्या ताणाने पुढे झुकलेली मान मात्र चुकलेली नाही. ती मान आश्रयदात्याने मागितली नव्हती, आणि पट्टी कपाळाला कशी काचते हे त्याला माहीतही नसावे. ते ज्ञान घडविणाऱ्याचे आहे. मोचे कलेत कुंभाराची स्वतःची साक्ष शोधायची तर ती अशा ठिकाणी शोधावी लागेल.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांनी अशी पुस्तके जरूर वाचावीत आणि चित्राखालची ओळही वाचावी. तेथे संस्कृतीचे नाव असते, शतक असते, उंची असते, संग्रहाचे आणि पुष्कळदा देणगीदाराचेही नाव असते. घडविणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी असते. ते नाव आता मिळणार नाही. पण जागा रिकामी आहे हे सांगत राहणे, ही समीक्षेची किमान जबाबदारी आहे.